त्वचा चिकटली, पुढे काय झाले?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दफ्तरात 'पी ९०००३३' या क्रमांकाची एक फाइल आहे. क्रमांकातले पहिले दोन आकडे अर्जाचे साल सांगतात, म्हणजे १९९०. मंजुरीची तारीख १ मार्च १९९६. अर्ज होता 'इंटेग्रा' नावाच्या कृत्रिम त्वचेचा, आणि ती कोणासाठी वापरायची हे मंजुरीत नेमके लिहिले आहे. रुग्ण खोल भाजलेला आणि जिवावर बेतलेला हवा. मेलेली कातडी कापून काढल्यानंतरची जखम हवी. त्याची स्वतःची कातडी पुरेशी नाही, किंवा त्याच्या प्रकृतीमुळे ती काढणे बरे नाही, अशी स्थिती हवी. छातीला चिकटलेल्या हनुवटीबद्दल, न उघडणाऱ्या बोटांबद्दल, कोपरात अडकलेल्या हाताबद्दल त्यात अक्षर नाही. जुन्या वणांमुळे आखडलेली कातडी सोडवण्यासाठी हीच वस्तू वापरायला त्याच फाइलीला जोडलेली पुरवणी मंजूर झाली २००२ साली, आणि तीही इतर उपाय थकल्यावर किंवा कातडी काढायला जागा उरली नसल्यावर.

या दोन तारखांच्या मागचे आणि पुढचे छापील कागद सालवार लावून वाचले की दिसते, प्रत्येक कागदाने रुग्णाला वेगळा प्रश्न विचारला आहे. आधीचे कागद विचारतात, माणूस जगला का. मग काही वर्षे एकच विचारणा चालते, कातडी चिकटली का. ती वाकते का, खाजते का, दहा वर्षांनी कशी दिसते, हे प्रश्न फार उशिरा आणि फार थोड्या कागदांत येतात. हा लेख त्या उशिरा आलेल्या प्रश्नांचा माग आहे. शस्त्रक्रियेचे कौतुक इतरत्र पुष्कळ झाले आहे.

मुळात पर्यायी त्वचेची गरज का पडली? कातडीचे ढोबळ दोन थर. वरची बाह्यत्वचा पातळ असते आणि ती पुन्हा वाढते. खालची अंतस्त्वचा जाड, चिवट, लवचिक; प्रौढ माणसात ती एकदा पूर्ण जळाली की पुन्हा उगवत नाही. तिच्या जागी वण येतो, आणि वणाचा स्वभाव आकसण्याचा. खोल भाजलेला माणूस वाचला तरी महिन्या-दोन महिन्यांनी त्याची मान खाली ओढली जाऊ लागते ती यामुळे. रुग्णाच्या मांडीवरून किंवा पाठीवरून पातळ कातडी काढून तिचे रोप जखमेवर लावले तर आकसणे कमी होते, पण त्या पातळ थरासोबत अंतस्त्वचेचा अंशच येतो. शिवाय निम्म्याहून जास्त अंग भाजले असेल तर काढायला कातडीच उरत नाही. मग असलेल्या कातडीला जाळीसारखे छेद देऊन ती ताणून लावतात. जखम झाकते, पण जाळीची नक्षी आयुष्यभर अंगावर राहते.

बॉस्टन शहराला हे प्रश्न एका रात्रीत सामोरे आले होते. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी 'कोकोनट ग्रोव्ह' या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसे गेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने आपल्याकडे दाखल झालेल्या रुग्णांची सविस्तर हकिगत 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकाच्या जून १९४३च्या अंकात छापली. त्याच रुग्णालयातल्या ऑलिव्हर कोप आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये, जळालेली कातडी आपोआप सुटून येण्याची वाट न पाहता लवकर कापून काढावी आणि जखम लगेच झाकावी, असे मांडले. झाकायची कशाने, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्याची कातडी लावून पाहिली जात होती. ती आधी धरते, मग शरीर ती टाकून देते, आणि त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर टाकते, हे ग्लासगोत टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावार यांनी १९४३ मध्ये एका भाजलेल्या तरुणीच्या उपचारांवरून दाखवून दिले होते. अवयवरोपणाच्या साऱ्या विज्ञानाचा एक पाया त्या निबंधात आहे. भाजलेल्या माणसासाठी मात्र त्याचा अर्थ सरळ होता: परकी कातडी काही दिवसांची पाहुणी.

१९६९ साली बॉस्टनमध्ये दोन माणसे एकत्र आली. जॉन बर्क हे शल्यविशारद, मुलांच्या जळितांसाठी नुकत्याच सुरू झालेल्या श्रायनर्स बर्न्स इन्स्टिट्यूटशी जोडलेले. आयोआनिस यानास हे ग्रीसमध्ये जन्मलेले, एमआयटीत तंतू आणि बहुवारिकांचा अभ्यास करणारे. त्यांच्या कामाचा सर्वांत बोलका जुना कागद म्हणजे वैद्यकातला निबंध नव्हे. तो एक पेटंट आहे. अमेरिकन पेटंट ४०,६०,०८१, तारीख २९ नोव्हेंबर १९७७, मालकी एमआयटीची. त्यात दोन थरांचा पापुद्रा वर्णिला आहे. खालचा थर कोलॅजन आणि कूर्चेत सापडणाऱ्या एका शर्करायुक्त रेणूच्या संयोगाचा, वरचा सिलिकोनचा. पुढे 'इंटेग्रा' म्हणून बाजारात आलेल्या वस्तूत कोलॅजन गुरांच्या कंडरांतून आणि तो दुसरा रेणू शार्कच्या कूर्चेतून घेतला जाऊ लागला. वरचा थर पाणी आणि जंतू अडवणार आणि नंतर सोलून काढला जाणार. खालचा सच्छिद्र थर जखमेत राहणार, त्याच्या भोकांतून रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरणार, आणि हळूहळू तो विरघळून त्या जागी रुग्णाचे स्वतःचे ऊतक उभे राहणार. पेटंट लिहिणाऱ्याला दावे करावे लागतात, त्यामुळे भाषा धीट असते. तरी १९७७च्या या कागदातली रचना आणि वीस वर्षांनी बाजारात आलेली वस्तू यांत आश्चर्य वाटावे इतके थोडे अंतर आहे.

प्रयोगशाळेतली खरी कलाटणी गिनिपिगांच्या जखमांवर मिळाली. जखम लवकर मिटावी म्हणून काम सुरू झाले होते. या पदार्थाने जखमेचे आकसणे उलट लांबवले. नापास म्हणावे असा निकाल. पण आकसणे लांबले त्या जखमेत जे ऊतक आले ते नेहमीच्या वणापेक्षा वेगळे, अंतस्त्वचेच्या जवळ जाणारे होते. छिद्रे किती मोठी असावीत, पदार्थ किती दिवसांत विरघळावा, याचे गणित पुढे १९८९च्या एका निबंधात पक्के झाले: छिद्रे साधारण २० ते १२५ मायक्रॉन. ही बाब इथे महत्त्वाची आहे, कारण कृत्रिम त्वचेचा मूळ सिद्धांतच वणाशी बांधलेला होता. जीव वाचवणे ही त्या सिद्धांताची पहिली बाजारपेठ ठरली, एवढेच.

१९८१ साली 'ॲनल्स ऑफ सर्जरी'त बर्क, यानास आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १० रुग्ण. शरीराचा ५० ते ९५ टक्के भाग भाजलेला. त्यांच्या अंगाचा कमाल ६० टक्क्यांपर्यंतचा भाग या त्वचेने झाकला, आणि वरचा सिलिकोनचा थर कमाल ४६ दिवस जागेवर ठेवून जखम बंद राखली. शेवटी सिलिकोन सोलून रुग्णाच्याच कातडीचा अतिशय पातळ थर, सुमारे एक दशांश मिलिमीटरचा, वर लावला. निबंधाचा सारांश बारकाईने वाचला तर त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात सांगितलेल्या दिसतात. पहिली, ही त्वचा जखम बंद करते. दुसरी, नव्या अंतस्त्वचेमुळे हालचाल आणि रूप सुधारण्याची आशा आहे. तिसरी, ती साध्या तापमानाला साठवता येते, मोठ्या प्रमाणावर बनवता येते, म्हणून तुलनेने स्वस्तात पडेल. पहिली गोष्ट आकड्यांनी दाखवली होती. दुसरी आशा होती आणि तिसरी अंदाज. निबंधाचे पहिले दोन लेखक पेटंटाचेही पहिले दोन मानकरी होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. त्यात गैर काही नाही, पण साक्षीदार कोण आहे हे कळलेले बरे. तिसऱ्या गोष्टीचा निकाल सांगायला फार शब्द लागत नाहीत: इंटेग्रा आजही जळित विभागातल्या महागड्या साधनांत गणली जाते.

पुढचा मोठा कागद १९८८चा. सिॲटलचे डेव्हिड हाइमबाख आणि सहकारी, ११ केंद्रे, १०६ रुग्ण. इथे प्रथमच तुलना आली: एकाच रुग्णाच्या अंगावर एका जागी कृत्रिम त्वचा, दुसऱ्या जागी नेहमीचे उपाय. चिकटण्याचा मध्यक कृत्रिम त्वचेसाठी ८० टक्के, तुलनेच्या जागांसाठी ९५. म्हणजे निव्वळ चिकटण्याच्या शर्यतीत नवी वस्तू मागे होती. तिच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. वर लावायची कातडी जवळजवळ निम्म्या जाडीची पुरत होती, त्यामुळे जिथून ती काढली ती जागा सरासरी चार दिवस आधी भरून यायची. मोठ्या जळितात तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडावी लागते, तेव्हा हे चार दिवस मोलाचे. आणि अभ्यास संपताना जाळीच्या रोपापेक्षा या जागांवर वण कमी उंचावलेले होते. हे शेवटचे वाक्य म्हणजे १९८१च्या आशेला मिळालेला पहिला दुजोरा. पण निबंधाचा भर अजून रोप धरण्यावरच होता.

त्यात आश्चर्य नाही. रोप धरले की नाही हे दोन आठवड्यांत कळते, रुग्ण अजून खाटेवर असतो, डॉक्टर पट्टी उघडतो आणि टक्केवारी लिहितो. वण मात्र पिकायला वर्ष-दीड वर्ष घेतो. मूल असेल तर अंग वाढते आणि वण वाढत नाही, म्हणून खरा हिशेब पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लांबतो. तोवर रुग्ण दुसऱ्या गावी असतो.

मंजुरीनंतरचा अभ्यास २००३ मध्ये छापला गेला: १३ केंद्रे, २१६ रुग्ण. चिकटण्याची सरासरी ७६.२ टक्के आणि मध्यक ९५ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. तिचा अर्थ असा, की निदान निम्म्या जागी त्वचा जवळपास पूर्ण धरली आणि उरलेल्यांपैकी काही जागी बरीच गेली. खोलवर पसरणारा जंतुसंसर्ग ३.१ टक्के जागांवर, वरवरचा १३.२ टक्के जागांवर नोंदला आहे. मंजुरीबरोबर डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची अट का घातली होती, हे या आकड्यांवरून समजते: जखम स्वच्छ नसेल, खाली रक्त साचले, तर महागडा पापुद्रा कचऱ्यात जातो आणि रुग्ण आधीपेक्षा वाईट स्थितीत येतो.

बर्क यांच्याच श्रायनर्स रुग्णालयात १९८०च्या दशकात दुसरी वाटही चालू होती, आणि दीर्घकालीन निकालांचा पहिला दमदार कागद त्या वाटेवरचा आहे. १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी उंदराच्या पेशींच्या आधाराने बशीत वाढवून दाखवल्या. १९८३च्या जुलैत पाच-सहा वर्षांची दोन भावंडे शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजून बॉस्टनला आली. काखेसारख्या वाचलेल्या चिमूटभर कातडीतून पेशी घेऊन त्यांचे पापुद्रे वाढवले गेले आणि मुलांच्या अंगाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग त्यांनी झाकला. गॅलिको आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापले. मुले जगली होती.

१९८९ मध्ये कॅरोलिन कॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी अशा वाढवलेल्या त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, रोपणानंतर सहाव्या दिवसापासून थेट पाचव्या वर्षापर्यंतचे. विकृतिशास्त्रज्ञाने लिहिलेला हा निबंध असल्यामुळे त्यात टक्केवारी कमी आणि पाहणे जास्त आहे. बाह्यत्वचेला खाली पकडून ठेवणारे धागे पक्के व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला; त्या आधी नवी कातडी जराशा घासण्याने फोड येऊन सुटते, याचे कारण तिथे सापडते. खालचे ऊतक वर्षानुवर्षे बदलत राहिले आणि चार-पाच वर्षांनी अंतस्त्वचेसारखे दिसू लागले. केस आणि घामाच्या ग्रंथी आल्या नाहीत. पाच वर्षे बदलत राहणाऱ्या गोष्टीचा निकाल पंधराव्या दिवशी लावणे किती अपुरे आहे, हे याहून चांगले दुसऱ्या कुठल्या कागदाने सांगितलेले नाही. याच वाटेवरचे 'एपिसेल' हे उत्पादन अमेरिकेत २००७ साली मंजूर झाले, तेही थोड्या रुग्णांसाठीच्या खास मानवतावादी सवलतीखाली. तिथे सुरक्षितता आणि संभाव्य लाभ दाखवावा लागतो, परिणामकारकतेचा पूर्ण पुरावा नव्हे.

आता वणांकडे. आखडलेली मान सोडवण्याची शस्त्रक्रिया बाहेरून सोपी वाटते. वण आडवा छेदला की हनुवटी वर येऊ लागते आणि जखम उघडत जाते. वरून चार बोटांची दिसणारी पट्टी सोडवल्यावर खाली तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी उघडी जागा तयार होते. ती जागा कशाने भरायची यावर पुढची दहा वर्षे ठरतात. शेजारी चांगली कातडी असेल तर ती फिरवून आणणे उत्तम. ज्याचे सारे अंगच भाजले आहे त्याच्याकडे ती नसते. नुसते पातळ रोप लावले तर मान पुन्हा खाली येते. इथे कृत्रिम अंतस्त्वचा पसरून कडेने पक्की करतात. सिलिकोन पारदर्शक असल्यामुळे खालचा रंग रोज पाहता येतो: पहिल्या दिवसांत लाल, मग गुलाबी, आणि सुमारे तीन आठवड्यांनी फिकट पिवळसर, पीच फळासारखा. रक्तवाहिन्या शिरल्याची ती खूण. खाली रक्त किंवा पू साचला तर तोही दिसतो आणि तेवढा तुकडा कापून काढता येतो. मग दुसरी शस्त्रक्रिया, सिलिकोन सोलून पातळ रोप. पुढे कित्येक महिने मानेला पट्टा. दोनदा भूल, दोनदा दाखल होणे, मधले तीन आठवडे जपणूक. निबंधांच्या कोष्टकांत या तीन आठवड्यांना स्तंभ नसतो.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नायम मोइमेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा पुनर्रचनेच्या २० रुग्णांतल्या ३० जागांचे तुकडे घेऊन आत काय घडते याची पायरीवार नोंद केली; रक्तवाहिन्या पूर्ण रुजायला चार आठवडे लागतात असे त्यांना आढळले. २००४ मध्ये अनेक केंद्रांचा एकत्रित निबंध आला: ८९ रुग्ण, आखडलेल्या १२७ जागा. डॉक्टरांच्या मते सुमारे तीनचतुर्थांश जागी हालचालीत चांगली किंवा उत्तम सुधारणा झाली, आणि पाठपुराव्याच्या काळात तीनचतुर्थांश जागी कातडी पुन्हा आखडली नाही. पुनर्रचनेच्या बाजूने हा सर्वांत जास्त सांगितला जाणारा आकडा. त्याच्या मर्यादा निबंधातच लिहिल्या आहेत: जुन्या नोंदी मागे जाऊन पाहिलेल्या, आणि शेजारी तुलनेचा गट नाही. तीनचतुर्थांश वाचताना चौथा हिस्साही वाचावा. तेवढ्या जागा पुन्हा आखडल्या, आणि त्या माणसांना पुन्हा टेबलावर जावे लागण्याची शक्यता होती.

यादृच्छिक तुलनेचा कागद टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनहून २००७ मध्ये आला. निम्म्याहून अधिक अंग भाजलेली २० मुले, दहांना इंटेग्रा, दहांना स्वतःची आणि दात्याची कातडी. मृत्यू, जंतुसंसर्ग, रुग्णालयातला मुक्काम यांत फरक नाही. वणांचे गुण मात्र दीड-दोन वर्षांच्या तपासणीत इंटेग्राच्या बाजूने चांगले. २० मुलांवरून कायदा करता येत नाही, पण हा पुरावा नीट गोळा केलेला आहे. उलट बाजूचा तितकाच नीट कागद हेलसिंकीचा, २०१३चा: १० प्रौढ रुग्ण, प्रत्येकाच्या अंगावर तीन उपाय शेजारी शेजारी, इंटेग्रा, सेल्युलोजचा स्पंज आणि साधे रोप. वर्षाने तिन्ही जागा डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला जवळपास सारख्या दिसल्या.

या दोन कागदांत विरोध आहे असे मला वाटत नाही. गॅल्व्हस्टनच्या मुलांकडे कातडीच नव्हती, त्यामुळे त्यांना जाळीचे ताणलेले रोप किंवा परकी कातडी हाच पर्याय होता. जिथे चांगले, अखंड रोप लावता येते तिथे कृत्रिम अंतस्त्वचेचा जास्तीचा लाभ वर्षाने फारसा उरत नाही. जिथे रोप फार ताणावे लागते तिथे उरतो.

याच निष्कर्षाला दुजोरा देणारा आणि या साऱ्या दफ्तरातला सर्वांत लांब पल्ल्याचा कागद नेदरलँड्सचा आहे. बेव्हरवाइक हे ॲमस्टरडॅमच्या वायव्येचे छोटे शहर. तिथल्या जळित केंद्रातल्या डॉक्टरांनी गुरांच्या कोलॅजनमध्ये इलॅस्टिन मिसळून केलेली, पुढे 'मॅट्रिडर्म' या नावाने ओळखली गेलेली अंतस्त्वचा वापरली होती. ती एकाच शस्त्रक्रियेत रोपाखाली घालता येते. तीन आठवडे थांबावे लागत नाही. प्रत्येक रुग्णाच्या अंगावर दोन शेजारच्या जागा निवडल्या, एका जागी अंतस्त्वचा आणि रोप, दुसऱ्या जागी नुसते रोप. ताजी जळिते होती तशाच जुन्या वणांच्या पुनर्रचनाही होत्या. मग १२ वर्षांनी त्याच माणसांना परत बोलावले. २०१०च्या निबंधात ४६ रुग्ण आणि ६९ जोड्या आहेत. कातडी किती ताणते आणि किती परत येते हे शोषणाच्या यंत्राने मोजले, खरखरीतपणा पाहिला, डॉक्टरांनी गुण दिले आणि रुग्णांनीही दिले. १२ वर्षांनीही लाभ टिकून होता, पण सगळ्या मोजमापांत नव्हे, आणि फार ताणलेल्या जाळीच्या रोपांखाली तो अधिक ठळक होता.

रुग्णांनीही गुण दिले, हे या कागदातले मला सर्वांत मोलाचे वाटते. वण मोजण्याची जी मोजपट्टी जगभर चालत आली ती १९९०ची व्हँकुव्हरची. तिच्यात रंग, लाली, लवचिकता आणि उंची अशा चार बाबी आहेत, आणि चारही डॉक्टरने बाहेरून पाहून भरायच्या. खाज नाही, दुखणे नाही. वण असलेल्या माणसाला विचारा, तो आधी खाजेबद्दल बोलेल. रुग्णाचा आणि निरीक्षकाचा असे दोन भाग असलेली मोजपट्टी २००४ मध्ये छापली गेली, तीही बेव्हरवाइकच्याच गटाकडून. म्हणजे १९८१ची आशा खरी ठरली की नाही हे वण अंगावर वागवणाऱ्यालाच विचारण्याचे साधन तिच्यानंतर २३ वर्षांनी आले. त्या आधीचे सगळे निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पाठपुराव्याच्या कागदांत आणखी एक पोकळी असते. १२ वर्षांनी जे आले ते मोजले गेले. न आलेल्यांना त्या कोष्टकात जागा नसते. ज्याचा हात चांगला चालतो तो कामावर असतो, ज्याचा अगदीच गेला तो रुग्णालयाला कंटाळलेला असतो. दोघेही परतत नाहीत. बॉस्टनच्या गटाने १९९४ मध्ये आपल्याच रुग्णांचा दहा वर्षांपर्यंतचा आढावा छापला तेव्हापासून असा प्रत्येक आढावा मुळात परत आलेल्यांचा आढावा आहे.

बेव्हरवाइकचा मुंबईशी सरळ धागा आहे. दात्याची कातडी ग्लिसरॉलमध्ये टिकवण्याची पद्धत रूढ केली ती तिथल्या त्वचापेढीने. शीवच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात २४ एप्रिल २००० रोजी मृत्यूनंतर दान मिळालेल्या कातडीची पेढी सुरू झाली, ती हीच पद्धत घेऊन. डॉ. माधुरी गोरे यांनी तिची आणि तिच्या कामाची नोंद वेळोवेळी छापली आहे. ग्लिसरॉलमधली कातडी जिवंत नसते; ती जखम काही आठवडे झाकते आणि रुग्णाला वेळ मिळवून देते. मुंबईतले या विषयावरचे त्या आधीचे आणि नंतरचे प्रसिद्ध कागदही झाकण्याचेच आहेत: वाडिया रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी यांचा १९८५चा उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा निबंध, आणि डॉ. गोरे यांचे २००३चे केळीच्या पानाच्या पट्टीचे निबंध. स्वस्त, सोपे, जळजळ न वाढवणारे आवरण शोधण्यात ही मंडळी जगाच्या पुढे होती. जखम भरली की त्या अभ्यासांचे काम संपते, आणि ते योग्यच आहे, कारण ती आवरणे होती. त्वचादान पेढीच्या २०१०च्या निबंधाचा विषयही लोकांचा प्रतिसाद आणि कातडीचा वापर हा आहे. कोणत्याही नव्या पेढीला आधी हेच दाखवावे लागते.

कागदांवरून निकाल द्यायचा तर असा देता येतो. मोठ्या जळितात, कातडी अपुरी असताना, कृत्रिम अंतस्त्वचेने वण सौम्य होतात याला बऱ्यापैकी आधार आहे. आखडलेली जागा सोडवताना, शेजारी फिरवायला कातडी नसेल तर तिने चांगला निकाल मिळतो, पण चारातली एक जागा पुन्हा आखडू शकते हे रुग्णाला आधी सांगायला हवे. चांगले अखंड रोप उपलब्ध असताना केवळ नवी वस्तू आहे म्हणून तिच्यावर पैसा घालण्याला आधार कमी. घाम, केस आणि मूळची कातडी यांपैकी काहीही परत मिळत नाही. उन्हाळ्याचा त्रास राहतो.

महाराष्ट्रातल्या जळित विभागांना आणि त्वचापेढ्यांना एकच विनंती. रुग्ण घरी जाताना त्याचे छायाचित्र, सांध्याच्या हालचालीचे अंश आणि त्याने स्वतः दिलेले खाजेचे व दुखण्याचे गुण नोंदवा, त्याच्या जवळच्या दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक फाइलीत ठेवा, आणि पहिल्या, पाचव्या व दहाव्या वर्षी त्याला बोलवा. जाण्यायेण्याचा खर्च द्या.